बाबांच्या एकशे सदतीस वाहवा

ग्वाक मानसॉक यांना गाणं ऐकताना गप्प बसता येत नाही, हे जांगहुंग गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त नव्या कॅमेऱ्याला.

नवा म्हणजे आपला म्हणायला नवा. ग्वांगजूच्या एका लग्नाच्या फोटोवाल्यानं दुकान बंद केलं, तेव्हा मानसॉक यांनी, म्हणजे सेबॉमच्या बाबांनी, तो त्याच्याकडून उचलला होता. पिशवीतून बाहेर काढला तेव्हा त्यातून कुठल्यातरी नवरीच्या केसातली चमकी गळली. सेबॉमनं ती चमकी बघितली, मग बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही सिनेमा काढणार? तुम्ही घरचा फोटो काढलात तरी दर वेळी आईचं डोकं कापलं जातं."

"तुझी आई उंच आहे," बाबा म्हणाले.

आई बाजारात मश्रूम विकायची आणि ती उंच वगैरे काही नव्हती. पण बाबांनी एकदा मनावर घेतलं की समोर कितीही पुरावे ठेवा, उपयोग नसायचा.

बाबा ढोल वाजवत. पानसोरीचा ढोल. एक बाई हातात पंखा घेऊन उभी राहणार, दोन-दोन तास एकटीच एक गोष्ट गाणार, त्यातली राणीही तीच आणि भिकारीणही तीच. आणि तिच्या शेजारी चटईवर एक माणूस ढोल घेऊन बसणार. बघणाऱ्याला वाटतं, ढोलवाल्याचं काम हातांचं. ते निम्मं. उरलेलं निम्मं काम तोंडाचं. गाणारीनं एखादी ओळ नेमकी जागेवर आणून ठेवली की त्यानं "चोत्ता" म्हणायचं, ती अवघड चढण चढायला लागली की "ऑलशिगू" म्हणायचं. म्हणजे वाहवा. म्हणजे चल पुढे, मी आहे इथे.

तीस वर्षं बाबा हे एकाच बाईंसाठी म्हणत आले होते. जिन ओकसिम. सगळा गाव त्यांना जिन बाई म्हणायचा. फेब्रुवारीत डॉक्टरांनी जिन बाईंच्या गळ्यात गाठ आहे असं सांगितलं. जूनमध्ये ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहील याची खात्री नाही. बाईंनी ते ऐकलं आणि घरी येऊन मुळ्याचं लोणचं घालायला बसल्या. हादरले ते बाबा. गाणाऱ्याशिवाय ढोलवाला म्हणजे भाताशिवाय नुसता चमचा. पण तो विचार त्यांना फार उशिरा सुचला. आधी सुचला तो कॅमेरा.

"आवाज जायच्या आत पूर्ण धरून ठेवायचा," ते म्हणाले. "सिनेमा करायचा. मग तो घेऊन शाळाशाळांतून जायचं. सोबत ढोल न्यायचा, पोरांना चार हिमतीचे शब्द सांगायचे. लोक करतात हल्ली असं."

"त्याला प्रेरणादायी कार्यक्रम म्हणतात," सेबॉम म्हणाली.

"तेच ते."

मार्चपासून मेपर्यंत शूटिंग झालं. बाईंच्या अंगणात, पर्सिमनच्या झाडाखाली. बाई उभ्या, बाबा चटईवर ढोल घेऊन, आणि बाबांच्या डाव्या खांद्यापाशी तीन पायांवर कॅमेरा. जूनमध्ये ऑपरेशन झालं. गाठ गेली. बाई बऱ्या झाल्या. आवाज मात्र गेला. उरली ती वाळक्या पानांवर कुणी चाललं तर होते तेवढी कुजबुज.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सेबॉम तो सिनेमा कापायला बसली. ती अकरावीत होती आणि शाळेच्या ध्वनी-मंडळाची प्रमुख होती. म्हणजे मधल्या सुट्टीत माईकवरून बोलणारी तीच आणि सभागृहात आवाजाच्या टेबलावर बसणारीही तीच. वर्षापूर्वी वर्गात उभं राहून हजेरी द्यायला लाजणारी मुलगी हीच, हे सांगितलं तर आता कुणाला खरं वाटलं नसतं. तिला स्वतःलाही वाटत नसे. आताशा आरशात बघताना ती स्वतःला हलकीशी मान झुकवून नमस्कारही करायची. तिनं कानाला हेडफोन लावले. जिन बाईंनी पंखा उघडला. घाटात वाट चुकलेल्या बाईची गोष्ट सुरू झाली. आवाज असा काही वर चढला की सेबॉमच्या हातावर काटा आला, आणि

"चोत्ता."

तिनं हेडफोन उपटूनच काढले. कॅमेऱ्याचा माईक बाबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. बाई लांब गात होत्या आणि बाबा सेबॉमच्या कानात तोफ डागत होते. दर अर्ध्या मिनिटाला.

"बाबा, तुम्ही शूटिंग करताना बोललात?"

"छे. एक शब्द नाही बोललो."

तिनं हेडफोन त्यांच्या कानाला लावले. बाबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला.

"चोत्ता," ते म्हणाले. मग हळूच, "हे मी आहे?"

"मग कोण, पर्सिमनचं झाड?"

परत शूटिंग करायचं म्हटलं तर आवाज कुठे होता? मग सेबॉमनं ठरवलं: निस्तरायचं आपणच. महिनाभर रोज दुपारी ती बसली. जिथे बाबा दोन ओळींच्या मधे बोलले होते तिथे तेवढा आवाज सरळ कापून टाकला, जिथे बाईंच्या आवाजावर पडले होते तिथे मुंगीएवढ्या रेघा ओढत हळूहळू पुसलं. ढोल ठेवला, तोंड काढलं. एकशे सदतीस ठिकाणी. शेवटी तर डोळे मिटले तरी तिला कुठल्या मिनिटाला काय होतं ते दिसायचं. काम संपलं तेव्हा आवाज इतका स्वच्छ झाला होता, की तिची मैत्रीण हारांग ऐकून म्हणाली, "अगं, हे टीव्हीवरच्यासारखं वाटतंय." सेबॉम चार दिवस जमिनीवरून नाही, हवेतून चालली.

बाबांचं भाषणही तिनंच लिहिलं, इंटरनेटवरची बारा भाषणं बघून. आपल्या स्वप्नांवर विश्वास ठेवा. पडलात तरी उठा. उद्याचा सूर्य तुमचा आहे. बाबांनी ते मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर उतरवून घेतलं आणि गाडी चालवताना पाठ केलं.

कार्यक्रम ऑक्टोबरात ठरला. शुक्रवारी, सेबॉमच्याच शाळेत. शिक्षण खात्याच्या एक बाई येणार होत्या आणि त्यांना पटलं तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या शाळांमध्ये बोलावणार होत्या. न पटलं तर काय, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण फ्रिजवर मामाच्या हातची चिठ्ठी लावलेली होती. मामा कोजे बेटावर जहाजांच्या कारखान्यात मुकादम होता. तिथे रंगकामात एक जागा होती. राहायची सोय तिकडेच. महिन्यातून एकदा घरी. रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

"तिथे ढोल नेता येईल का?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"एका खोलीत सहा जण झोपतात," आई म्हणाली होती, आणि मश्रूम निवडत राहिली होती.

म्हणून शुक्रवारी सकाळी सेबॉमनं बाबांना बजावलं. "आज सिनेमा चालू असताना एक अक्षर नाही. मी इतक्या कष्टानं सगळं साफ केलंय, तुम्ही मधेच ओरडलात तर मुलं हसतील. खात्याच्या बाईंना वाटेल, हा कोण गावठी. शप्पथ घ्या."

"घेतली."

"कुणाची?"

बाबांनी विचार केला. "ढोलाची." याहून मोठी शपथ त्यांच्याकडे नव्हती.

सभागृहात तीनशे मुलं होती आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ. यापेक्षा वाईट वेळ जगात नाही. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी करड्या कोटातल्या खात्याच्या बाई, आणि कडेला जिन बाई, गळ्याला जांभळा रुमाल बांधून. सेबॉम मागे आवाजाच्या टेबलाशी, गळ्यात हेडफोन. शेजारी हारांग.

बाबा स्टेजवर एका बाजूला ढोल घेऊन बसले आणि त्यांनी पुठ्ठा काढला.

"आपल्या स्वप्नांवर विश्वास ठेवा," बाबा म्हणाले.

ते त्यांच्या तोंडात इतकं विचित्र वाटलं, की जणू दुसऱ्याचा कोट घालून आलेत आणि बाह्या बोटांच्या पुढे लोंबतायत. पाचव्या वाक्याला तिसऱ्या रांगेतल्या मुलानं मान टाकली. सूर्य येईपर्यंत अर्धी रांग झोपली.

"तुझे बाबा नेहमी असं बोलतात?" हारांगनं विचारलं.

"नाही," सेबॉम म्हणाली. "नेहमी माणसासारखं बोलतात."

दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. पर्सिमनचं झाड, अंगण, जिन बाईंचा पंखा. आवाज खरंच झऱ्यासारखा स्वच्छ होता. सेबॉमनं अभिमानानं मान ताठ केली आणि वाट बघितली, की आता मुलं सावरून बसतील.

कुणी बसलं नाही.

काहीतरी चुकत होतं. बाई ओळ वर नेत होत्या, अगदी टोकाला नेत होत्या, आणि तिथे पोचल्यावर काहीच होत नव्हतं. ओळ तिथेच लोंबकळायची. मग पुढची ओळ, तीही तशीच. रिकाम्या घराचं दार कुणी पुन्हा पुन्हा वाजवावं तसं. मग चौथ्या मिनिटाला, घाटातली ती बाई आपल्या हरवलेल्या मेंढीला शिव्या घालते तिथे, पडद्यावर जिन बाईंनी शेवटचा शब्द झटकला, मान थोडी वळवली आणि कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघून हसल्या. खट्याळ, एखाद्या पोरीसारख्या. हसल्या आणि थांबल्या.

कुणाकडे बघून? तिथे कुणीच नव्हतं. तिथून सेबॉमनं बाबांना काढून टाकलं होतं.

सेबॉमचे कान तापले. महिनाभर तिनं हे हसू शंभरदा बघितलं होतं, पण तेव्हा तिची नजर आवाजाच्या रेघांवर होती. तिनं स्टेजकडे बघितलं. बाबा अंधारात बसले होते, ओठ आत घेतलेले, दोन्ही हातांनी ढोल असा धरलेला, की तो जणू पळून जाईल. पहिल्या रांगेत जिन बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली.

खात्याच्या बाईंनी घड्याळ बघितलं.

आता काय करायचं? सिनेमा थांबवून सांगायचं, की माफ करा, यातला निम्मा माणूस घरी राहिलाय? बाबा तर बोलणार नव्हते. ढोलाची शपथ त्यांनी मोडली नसती. पण पुढची जागा कुठे आहे, हे या सभागृहात बाबांखेरीज आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. पाच मिनिटं बारा सेकंद. तिनं स्वतःच्या हातांनी कापली होती ती.

पाच मिनिटं दहा.

सेबॉम उभी राहिली. आणि बाईंची ओळ जागेवर आली, तेव्हा तिनं म्हटलं, "चोत्ता."

तिला वाटलं होतं आवाज दणक्यात निघेल. निघाला तो दारात अडकलेल्या मांजरीसारखा. तीनशे डोकी मागे वळली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापकांची भुवई अंधारातही दिसली.

"सेबॉम," हारांग कुजबुजली, "तुला बरं वाटत नाहीये का?"

पुढची जागा सव्वीस सेकंदांनी. तेवढ्या वेळात खाली बसता आलं असतं. पाय म्हणत होते बस. ती बसली नाही. बाई चढण चढायला लागल्या, आणि या वेळी तिनं पोटातून हाक मारली, "ऑलशिगू." नेमक्या जागेवर, केसभर इकडेतिकडे नाही. पडद्यावरच्या बाईंनी मान डोलावली, जशी सेबॉमचीच हाक ऐकून. आणि ते तीनशे मुलांनी बघितलं.

आता कुणी हसलं नाही. हसण्याऐवजी सगळी पडद्याकडे वळून बसली. पुढची हाक कुठे येते ते बघायला.

तिसरी हाक एकट्या सेबॉमची नव्हती. स्टेजवरून, अंधारातून, खालच्या जाड आवाजात, तिच्या बरोबरीनं आली. "चोत्ता." शपथ मोडली. मग ढोलावर काठी पडली, पडद्यातल्या ढोलावर खरा ढोल. पहिल्या रांगेत जांभळा रुमाल ताठ झाला. जिन बाईंनी हात वर केला होता, पुढच्या जागेवर त्यांनीही तोंड उघडलं, आणि त्या कुजबुजत्या गळ्यानं पडद्यावरच्या आपल्याच आवाजाला म्हणाल्या, "चोत्ता." ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेलं. खात्याच्या बाईंना गेलं. त्यांनी घड्याळावर बाही ओढली.

त्यानंतर मुलांना आवरणं कठीण झालं. चुकीच्या जागी ओरडली, दोघं तर मेंढीसारखी बें करून ओरडली, पण पडद्यावरच्या बाई हसल्या की सगळं सभागृह त्यांच्यासोबत हसत होतं.

दिवे लागले. बाबांनी पुठ्ठा उचलला, वाचला, आणि ढोलाखाली सरकवून दिला.

"मला भाषण येत नाही," ते म्हणाले. "मी आयुष्यभर एकच काम केलं. दुसरा दमला की त्याला शाबास म्हणायचं. दमल्यावर, बरं का. जिंकल्यावर सगळेच म्हणतात." त्यांनी दाराकडे बघितलं. तिथे शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बोक मावशी गाणं ऐकायला येऊन उभ्या होत्या, रबरी बूट घालून. "मावशी, इकडे या."

"मी? मला भांडी आहेत."

"भांडी पळत नाहीत. या. गाता येतं?"

"घोरता येतं," मावशी म्हणाल्या.

"मग पुढच्या आठवड्यात जेवायला काय काय आहे, ते सांगा."

मावशी वर चढल्या. तीनशे तोंडं समोर बघून त्यांचा रंगच उतरला. "सोमवारी," त्या पुटपुटल्या, "मोड आलेल्या सोयाबीनचं सूप."

बाबांनी हलकेच काठी मारली. "चोत्ता."

मावशींनी चमकून बघितलं. "आणि... तळलेला बांगडा."

"ऑलशिगू," म्हणाली पहिल्या चार रांगांतली मुलं.

"मंगळवारी डुकराचं मटण, तिखटातलं." मावशींचा आवाज एक पायरी चढला. मटणाला जो गजर झाला त्यानं खिडक्या हादरल्या. बुधवारपर्यंत मावशींचा एक हात हवेत गेला होता. गुरुवारच्या मुळ्याच्या किमचीला त्यांनी अशी काही तान घेतली, की मुख्याध्यापक स्वतः चोत्ता म्हणाले आणि मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. शुक्रवारी मावशी डोळे पुसत खाली उतरल्या. सतरा वर्षं त्यांनी या मुलांना वाढलं होतं आणि मुलं मान वर न करता ताट पुढे करत आली होती.

संपल्यावर शाळेच्या आवारात बाबा छोट्या ट्रकमध्ये ढोल बांधत होते. सेबॉम दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"बाबा, मी तुम्हाला कापून टाकलं."

"हं."

"एकशे सदतीस वेळा."

"एवढे होते?" बाबा खूश झाले. "मग सांग, त्यातला एखादा कच्चा वाटला का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "अकराव्या मिनिटाचा. ओळ संपायच्या आधीच तुम्ही ओरडलात. ओळीचं शेपूट गेलं त्याखाली."

बाबांनी गाठ मारली, ओढून बघितली. ट्रकच्या पुढच्या सीटवर जिन बाई रुमाल सारखा करत बसल्या होत्या. बाबांनी आवाज खाली आणला. "त्या दिवशी त्यांचा श्वास पुरत नव्हता. शेपूट नव्हतंच तिथे. म्हणून मी आधी गेलो."

सेबॉमनं मान वळवून जिन बाईंकडे बघितलं. दोरी हातात तशीच राहिली.

खात्याच्या बाई कोट सांभाळत आल्या. त्यांनी वही उघडली. नोव्हेंबरात पाच शाळा, म्हणाल्या. त्यापुढचं सांगता येत नाही. आणि भाषण नको. सिनेमा मात्र तुमच्या आवाजासकट हवा.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"मूळ सगळं जपून ठेवलंय," सेबॉम म्हणाली. "पण माईक लांब होता असं वाटेल इतका तो आवाज मी खाली आणेन. नाहीतर ते तोफ डागतात."

पाच शाळा म्हणजे काही जन्माची सोय नव्हे. हे बाबांनाही कळत होतं. त्यांनी दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. मग त्यांनी बाजारात आईला फोन केला, काय झालं ते सांगितलं, आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग मामाला लावला.

"मी नाही येत कोजेला," ते म्हणाले. "हो, विचार केलाय. नाही, तिच्याशी बोललो. ती म्हणाली मश्रूम आहेत तोवर भात आहे."

पलीकडून मामा खूप वेळ बोलला. दाजी, दाजी, एवढंच सेबॉमला ऐकू येत होतं. बाबा प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते आणि शेवटी पुन्हा म्हणाले, "पण नाही येत."

जिन बाईंनी खिडकीची काच खाली केली आणि सेबॉमला बोटानं जवळ बोलावलं. "काय म्हणतोय तो?" त्यांच्या कुजबुजीसाठी सेबॉमला कान अगदी खिडकीत न्यावा लागला.

"मामा म्हणतोय, बाबांना वेड लागलंय."

बाईंनी थोडा विचार केला. "खरं आहे," त्या म्हणाल्या, आणि सीटवर मधे सरकून त्यांनी सेबॉमसाठी दाराशी जागा केली.